मेंढवाड्यांतील पहारा

वाङ्मयांतल्या मेंढपाळाचें आयुष्य मोठें सुखाचें असतें. डोक्यावर झाडाची गर्द सावली, शेजारीं झुळझुळणारा ओढा, हातांत पांवा आणि समोर चित्रांत शोभावींत अशीं चरणारीं मेंढरें! ग्रीक कवि थिओक्रिटस याच्यापासून एलिझाबेथ राणीच्या काळच्या इंग्रज कवींपर्यंत सुमारें अठरा शतकें हें चित्र युरोपच्या काव्यांत टिकून राहिलें. या काव्यांतला मेंढपाळ प्रेम करतो, रुसतो, पैजेनें गाणीं म्हणतो, मित्राच्या मृत्यूवर विलाप करतो. मेंढ्या तेवढ्या तो राखीत नाहीं. त्याच्या मेंढ्या आजारी पडत नाहींत, पावसांत भिजत नाहींत, आणि मुख्य म्हणजे वीतहि नाहींत. ज्या रात्रींवर मेंढपाळाच्या साऱ्या वर्षाचें भवितव्य अवलंबून असतें, त्या विण्याच्या हंगामांतल्या रात्री या काव्यांत बहुधा येतच नाहींत.

व्हर्जिल हा याला मोठा अपवाद होय. त्याच्या गोपगीतांपैकीं पहिल्याच गीतांत देशोधडीला लागलेला एक माणूस सांगतो कीं, आपल्या शेळीनें नुकतींच दोन करडें उघड्या खडकावर टाकलीं आणि कळपाची ती आशा तेथेंच सोडून आपणांस पुढें निघावें लागलें. कृषिकाव्याच्या तिसऱ्या सर्गांत तर, हिंवाळ्यांत मेंढ्यांच्या अंगाखालीं पेंढा आणि नेचे अंथरावे, असा व्यवहाराचा उपदेश त्यानें केला आहे. परंतु व्हर्जिलच्या अनुकरणकर्त्यांनीं त्याचा पांवा तेवढा उचलला आणि पेंढा होता तेथेंच राहूं दिला.

तो पेंढा इंग्रजी कादंबरींत आणण्याचें श्रेय टॉमस हार्डी याला दिलें पाहिजे. ‘फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड’ ही त्याची कादंबरी १८७४ सालीं ‘कॉर्नहिल मॅगझिन’ या मासिकांतून, आरंभीं लेखकाच्या नांवावांचून, क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यावर आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. बाथशिबा एव्हरडीन या नायिकेचा मानी व चंचल स्वभाव, सार्जंट ट्रॉय याचे तलवारीचे हात, वेसेक्सचा निसर्ग, दैवाची कुटिल गति, हे विषय आपल्याकडील इंग्रजीच्या विद्यार्थ्यांनाहि परिचित आहेत. मेंढ्यांचीं प्रकरणें मात्र प्रादेशिक रंगाच्या सदरांत घालून पुढें जाण्याची टीकाकारांची रीत आहे. वास्तविक या कादंबरीचें मर्म जर कोठें असेल तर तें या प्रकरणांत आहे, असें आम्हांस वाटतें. आणि तें कसें, हें दाखविण्याचा या लेखाचा हेतु आहे.

प्रारंभीं एका प्रतिकूल मताचा विचार केला पाहिजे. हेन्री जेम्स या अमेरिकन कादंबरीकारानें १८७४ च्या डिसेंबरांत ‘नेशन’ या पत्रांत या पुस्तकाचें परीक्षण केलें. त्याचा निकाल कठोर होता. पुस्तकांत माणसांविषयीं जें जें आहे तें कृत्रिम व पोकळ आहे; विश्वास बसतो तो केवळ मेंढ्यांवर आणि कुत्र्यांवर, अशा आशयाचें त्यानें लिहिलें. हा शेरा चमकदार आहे आणि त्यांत निम्मे सत्यहि आहे. हार्डीच्या मेंढ्यांवर वाचकाचा विश्वास बसतो, हें खरें. परंतु जेम्सनें मेंढ्या एका बाजूला आणि माणसें दुसऱ्या बाजूला अशी जी वांटणी केली, ती कादंबरींत नाहीं. जन्माच्या घटकेला कोण जागें होतें, आणि जो जीव आपल्या हातीं आला त्याच्यापाशीं कोण थांबलें, हा प्रश्न हार्डी आधीं मेंढवाड्यांत विचारतो. नंतर तोच प्रश्न तो माणसांना विचारतो. मेंढ्यांचीं प्रकरणें खरीं उतरलीं आहेत म्हणूनच माणसांना मोजण्याचें माप त्याच्या हातीं आलें आहे.

पहिला प्रसंग नॉरकोंब टेकडीवरचा. डिसेंबरचा विसावा दिवस लोटून मध्यरात्र होत आली आहे. इतक्या थंडींत मेंढ्या कशा वितात, अशी शंका कोणास येईल. इंग्लंडांत सामान्यतः मेंढ्या वसंताच्या सुमारास वितात. परंतु दक्षिणेकडील डॉर्सेट प्रांतांतली शिंगाळ जात इतर जातींहून फार आधीं विण्याबद्दल प्रसिद्ध आहे, आणि हार्डीचा वेसेक्स म्हणजे मुख्यत्वें डॉर्सेटच होय. मेंढीचे गाभणपणाचे दिवस सुमारें पांच महिने. तेव्हां उन्हाळ्यांत फळलेली मेंढी ऐन हिंवाळ्यांत वितांना आढळली तर नवल नाहीं. टेकडीवर गवतानें शाकारलेल्या ताट्यांचें कुंपण उभें केलें आहे, आंत गाभण मेंढ्या आहेत, आणि जवळच चाकांवरची एक लहान खोपी आहे. खोपींत एक शेगडी आहे. फळीवर स्पिरिट, टर्पेंटाइन, डांबर, मॅग्नेशिया, सुंठ, एरंडेल अशा औषधांच्या बाटल्या व डबे आहेत. हाच गॅब्रिएल ओक याचा सूतिकागृहाचा संसार. ओक हा अठ्ठावीस वर्षांचा तरुण. कर्जानें घेतलेल्या मेंढ्यांवर नुकताच स्वतंत्र शेतकरी झालेला.

या प्रसंगांतला क्रम लक्ष देण्याजोगा आहे. वाऱ्यांतून प्रथम ऐकूं येतात ते ओकच्या बांसरीचे सूर. जुन्या परंपरेंतला मेंढपाळ येथें क्षणभर वाचकाच्या दृष्टीस पडतो. मग सूर थांबतात. कंदील घेऊन ओक बाहेर येतो, मेंढ्यांमधून फिरतो आणि परत येतांना हातांत एक नुकतें जन्मलेलें कोकरूं घेऊन येतो. चार लांबच लांब पाय आणि त्यांना जोडण्यापुरतें जेमतेम अंग, असें त्याचें वर्णन हार्डी करतो. नवजात कोकरूं ज्यानें पाहिलें असेल त्याला या विनोदांतील अचूकपणा पटेल. कोकराला शेगडीसमोर गवतावर ठेवून ओक झोंपीं जातो. थोड्या वेळानें ऊब लागून कोकरूं ओरडतें आणि त्या एका आवाजासरशीं गाढ झोंपेंतला ओक पुरता जागा होतो. त्या आवाजाचा अर्थ त्याला लावावा लागत नाहीं. तो उठतो, अंधारांत जाऊन कोकरूं आईपाशीं ठेवतो, आणि मगच किती रात्र झाली तें ताऱ्यांवरून पाहतो.

येथें एका गोष्टीचा उलगडा केला पाहिजे. कोकरूं ऊब लागतांच आईकडे नेण्याची ओकची घाई ही केवळ दयाळूपणाची नाहीं. ती धंद्यांतली मुख्य अक्कल आहे. ओल्या अंगानें वाऱ्यांत पडलेलें कोकरूं थोड्याच वेळांत गारठून मरतें, म्हणून त्याला उचलावें तर लागतें. परंतु पहिल्या दिवसाचा चीक त्याच्या पोटांत गेला नाहीं तर रोगाशीं झगडण्याची शक्ति त्याला मिळत नाहीं. शिवाय मेंढी आपलें पिलूं ओळखते तें मुख्यतः वासावरून. विल्यावर ती त्याचें अंग चाटते, आणि त्या पहिल्या कांहीं तासांतच त्याचा वास तिच्या ठिकाणीं कायमचा ठसतो. त्या वेळांत कोकरूं दूर राहिलें तर तीच आई पुढें त्याला ढुशी मारून हांकलते. म्हणजे उचलण्यांत उशीर झाला तर थंडीनें मृत्यु, आणि परत ठेवण्यांत उशीर झाला तर आईवांचून मृत्यु. या दोन मृत्यूंमधल्या अरुंद वाटेवरून मेंढपाळाला हंगामभर चालावें लागतें. आज शेगडीच्या जागीं विजेचा दिवा आणि ऊब देणारी पेटी आली आहे. ती वाट मात्र तितकीच अरुंद राहिली आहे.

हार्डीनें आपल्या मेंढपाळाला देवदूत केलेलें नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. ज्या शेगडीनें तो कोकरांना वांचवितो, तिच्याच धुरानें, खोपीचीं दोन्ही झडपें बंद ठेवून झोंपल्यामुळें, तो स्वतः मरणाच्या दारीं जातो. बाथशिबा त्याला वांचविते. पुढें एका रात्रीं त्याचें तरुण, अतिउत्साही कुत्रें साऱ्या मेंढ्यांना कुंपणाबाहेर हांकीत नेऊन खडूच्या खाणींत कड्यावरून लोटतें. सकाळीं खालीं दोनशें मेंढ्या मरून पडलेल्या असतात. त्या गाभण असल्यामुळें आणखी निदान दोनशें जीव त्यांच्याबरोबर गेलेले असतात. विमा उतरलेला नाहीं. ओकची सारी मिळकत एका रात्रींत नाहींशी होते. पण हें ध्यानीं येण्यापूर्वीं त्याच्या मनांत प्रथम येते ती त्या गरीब मेंढ्यांची आणि त्यांच्या न जन्मलेल्या पिलांची कींव. या क्रमावरून हार्डीला आपल्या नायकाविषयीं काय सांगावयाचें आहे तें उघड होतें.

सर्वस्व गमावलेला ओक मजूर होऊन वेदरबरी गांवीं बाथशिबेच्याच शेतावर मेंढपाळ म्हणून राहतो. एकदां त्यानें तिला मागणी घातली होती आणि तिनें ती नाकारली होती. आतां ती मालकीण आहे. येथून आपण कादंबरीच्या पंधराव्या प्रकरणाशीं येतों, आणि आमच्या मतें साऱ्या पुस्तकाची गांठ या प्रकरणांत मारलेली आहे.

स्थळ गांवचें भट्टीघर. सातूला मोड आणून तो भाजण्याची ही जागा; भट्टी धगधगती असल्यामुळें गांवकऱ्यांचा अड्डा येथेंच जमतो. बाहेर बर्फ पडलें आहे. ओक आंत येतो तो चार कोकरें खांद्यांवरून लोंबकळत टाकून. येथें नॉरकोंबसारखी खोपी नाहीं, म्हणून अशक्त कोकरें या भट्टीपाशीं आणावीं लागतात. तो त्यांना विस्तवाभोंवतीं मांडतो. गप्पा चालतात, मेलेल्या कोकरांचीं कातडीं मालकीण ओकला घेऊं देत नाहीं ना, अशी कुणीतरी चौकशी करतो, आणि आपण तीं घेत नाहीं एवढेंच ओक सांगतो. इकडे कोकरें हातपाय हलवूं लागतात. ज्यांना परत आईकडे जातां यावयाचें नाहीं, त्यांच्यासाठीं तो खिशांतून एक लहानशी चहाची किटली काढतो, तींत दूध भरतो आणि तिच्या तोटीनें दूध प्यावयास त्यांना शिकवितो. हा तपशील कल्पनेनें सुचण्यासारखा नाहीं. हार्डी हा गवंडीकाम करणाऱ्या बापाचा मुलगा आणि स्वतः वास्तुशास्त्र शिकलेला; मेंढपाळ तो नव्हे. पण ज्या खेडवळ जीवनांत तो वाढला तें त्यानें किती निरखून पाहिलें होतें, तें या किटलीवरून कळतें.

आतां याच प्रकरणांत दुसरें काय घडतें तें पाहा. शेजारचा प्रौढ, एकलकोंडा जमीनदार बोल्डवुड तेथें येतो. त्याच्यापाशीं दोन कागद आहेत. एक ओकच्या नांवचें पत्र, चुकून त्याच्याकडे गेलेलें. तें फॅनी रॉबिन या मुलीचें आहे. ही बाथशिबेच्या घरची पळून गेलेली मोलकरीण. एका रात्रीं वाटेंत ओकनें तिला एक शिलिंग दिला होता, तो तिनें परत पाठविला आहे आणि आपण लौकरच सार्जंट ट्रॉयशीं लग्न करणार असें विश्वासानें कळविलें आहे. दुसरा कागद बोल्डवुडचा स्वतःचा. व्हॅलेंटाइनच्या सणाच्या निमित्तानें आलेली ती एक निनांवी चिठ्ठी आहे आणि तिच्या मोहोरेवर ‘माझ्याशीं लग्न कर’ अशा अर्थाचे शब्द आहेत. ओक कोकरांच्या अंगावर मालकिणीच्या नांवाचीं आद्याक्षरें डांबरानें उमटवितो आणि त्यांना घेऊन वाड्याकडे निघतो. बोल्डवुड घुटमळत त्याच्या मागें जातो, आणि मेंढवाड्याजवळ आल्यावर अक्षर कोणाचें तें त्याला विचारतो. तें बाथशिबेचें असतें.

या प्रकरणांत, पाहा, तीन असहाय जीव ओकच्या समोर येतात. कोकरें, फॅनी आणि बोल्डवुड. कोकरांना भट्टी मिळाली, किटली मिळाली, हात मिळाला. इतर दोघांचें काय झालें, ही पुढची कादंबरी.

हा संबंध आम्हीं ओढूनताणून लावला, असें कोणी म्हणूं नये. ओक फॅनीला प्रथम भेटतो तेव्हां त्याचीं बोटें तिच्या मनगटाला लागतात. तिची नाडी विलक्षण वेगानें उडत असते. दमछाक होईपर्यंत हांकलेल्या कोकरांच्या मांडीच्या शिरेंत असेच ठोके आपण पाहिल्याचें त्याला आठवतें. तुलना हार्डीची आहे. पुढें हीच फॅनी, ट्रॉयनें टाकलेली आणि दिवस भरत आलेली, कॅस्टरब्रिजच्या गरीबखान्याकडे रात्रीं एकटी चालत जाते. काठ्यांच्या आधारानें, मग कुंपणाच्या आधारानें, आणि शेवटीं एका भटक्या कुत्र्याच्या अंगावर भार टाकून ती दारापर्यंत पोंचते. तिला आंत घेतलें जातें, आणि कुत्र्याला दगड मारून हांकून दिलें जातें. तेथेंच ती आणि तिचें मूल दोघें मरतात. वेदरबरीच्या शिवारांत त्या हंगामांत किती अशक्त कोकरें एका माणसाच्या जागरणानें वांचलीं असतील! त्याच गांवच्या मुलीच्या प्रसूतीच्या वाटेवर मात्र एका कुत्र्याखेरीज कोणी जागें नव्हतें. हार्डी येथें समाजावर व्याख्यान देत नाहीं. त्यानें भट्टीघर दाखविलें आहे आणि गरीबखाना दाखविला आहे. त्यांमधलें अंतर वाचकानें मोजावयाचें आहे. ओकला अखेर एवढेंच करतां येतें कीं, शवपेटीवर फॅनीच्या नांवापुढें लिहिलेले मुलाचा उल्लेख करणारे शब्द तो पुसून टाकतो, बाथशिबेला तें दुःख निदान एक दिवस तरी उशिरा कळावें म्हणून. तेंहि साधत नाहीं.

दुसरी गोष्ट बोल्डवुडची, आणि ती अठराव्या प्रकरणांत एका विलक्षण कृत्याशीं जोडलेली आहे. चिठ्ठीनें अस्वस्थ झालेला बोल्डवुड कुरणाकडे येतो तेव्हां ओक, बाथशिबा आणि केनी बॉल हा पोरगा एका कामांत गुंतलेले असतात. एका मेंढीचें कोकरूं मेलें आहे. दुसरीला जुळीं झालीं आहेत. ओकनें मेलेल्या कोकराचें कातडें सोलून काढलें आहे आणि तें तो जुळ्यांपैकीं एकाच्या अंगावर बांधीत आहे. बाथशिबा चार ताट्यांच्या लहानशा कोंडवाड्याचें तोंड उघडें धरून उभी आहे. मेंढी आणि हें वेष घेतलेलें कोकरूं आंत जातील आणि मेंढीला त्याची माया लागेपर्यंत तेथेंच राहतील. वासावरच मेंढीची ओळख असते, हें वर सांगितलेंच आहे. आपल्या मेलेल्या पिलाचा वास आल्यानें ती परक्याला पिऊं देते. दोन-तीन दिवसांत तिच्याच दुधाचा वास त्याच्या अंगाला येऊं लागतो आणि मग तें कातडें काढून टाकतां येतें.

मेलेल्या वासराच्या कातड्यांत पेंढा भरून तें गाईम्हशीपुढें ठेवण्याची आणि तिला पान्हा फोडण्याची युक्ति आपल्या वाचकांनीं ऐकली असेल. दोन्हींकडे आईची फसवणूक आहे. पण आपल्या युक्तींत पेंढ्याचें वासरूं पेंढ्याचेंच राहतें. दूध तेवढें माणसाला मिळतें. येथें त्या कातड्याखालीं एक जिवंत जीव आहे, आणि कांहीं दिवसांनीं त्या खोटेपणाचें खरेपणांत रूपांतर होतें. मेंढी खरोखर त्याची आई होते. हें आपोआप मात्र घडत नाहीं. कोणी तरी ताट्या उभारतो, मेंढी कोकराला मारीत नाहीं ना हें पुनःपुन्हां येऊन पाहतो, आणि माया लागेपर्यंत थांबतो.

नेमक्या या घटकेला बोल्डवुड बाथशिबेला पाहतो. तीहि त्याला पाहते. तिच्या चेहऱ्यावरचा रंग पालटतो, आणि ओकच्या ध्यानांत चिठ्ठीचें रहस्य येऊं लागतें. बाथशिबेनेंहि एक खोटें कातडें पांघरवून पाठविलें होतें. गंमत म्हणून, पुस्तक वर उडवून तें कसें पडतें यावर कौल लावून, तिनें ती चिठ्ठी धाडली. ज्याच्या हृदयांत आजवर कोणी नव्हतें त्या माणसानें तिला खरी मानली आणि त्याच्या मायेला पान्हा फुटला. पण तिनें ताट्या उभारल्या नव्हत्या, आणि थांबण्याचा तर तिचा विचारच नव्हता. तिच्या या खोट्याला खरें करण्यास कोणी जिवंत जीव त्याखालीं नव्हता. या एका क्षुल्लक थट्टेपासून निघालेली वाट बोल्डवुडच्या घरच्या नाताळच्या मेजवानीपर्यंत, ट्रॉयच्या खुनापर्यंत आणि बोल्डवुडच्या आजन्म कैदेपर्यंत जाते. ही दोन खोटीं हार्डीनें एकाच कुरणांत समोरासमोर आणलीं. फसवणूक वाईट, एवढीच नीति त्याला सांगावयाची असती तर मेंढीचें प्रकरण त्यानें येथें आणलेंच नसतें. दुसऱ्याच्या मायेला हात घातल्यावर त्या मायेचा भार वाहण्यास आपण शेवटपर्यंत थांबणार आहों कीं नाहीं, हा त्याचा प्रश्न आहे.

येथें एक आक्षेप संभवतो, आणि तो टाळणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. मेंढपाळाची ही सारी माया अखेर कशासाठीं? कोकरूं वांचवावयाचें तें कसायाच्या सुरीसाठीं. मग या जागरणाला प्रेम म्हणावें कीं धंदा? हार्डीनें हा प्रश्न झांकलेला नाहीं. आपल्या मेंढ्यांचा शेवट मटणांत होतो, आणि एक दिवस प्रत्येक मेंढपाळ आपल्या असहाय कळपाचा विश्वासघातकी ठरतो, ही खंत ओकच्या आयुष्यावर सावलीसारखी पसरलेली आहे असें तो पांचव्या प्रकरणांतच सांगून टाकतो. या सांगण्यामुळें ओकची माया खोटी ठरत नाहीं. ती भाबडी नाहीं इतकेंच ठरतें. शेवट ठाऊक असूनहि आजची रात्र जागून काढणें यांत जी निष्ठा आहे, ती शेवट ठाऊक नसलेल्याच्या हळवेपणाहून फार वेगळी आहे. ओले क्लोव्हर खाऊन पोट फुगलेल्या मेंढ्यांच्या कुशींत शस्त्र खुपसून तो एकूणपन्नास शस्त्रक्रिया करतो. एका ठिकाणीं नेम चुकतो आणि मेंढी जागींच मरते. हार्डी तो आंकडाहि लपवीत नाहीं.

गुणांबरोबर दोषहि नोंदले पाहिजेत. हार्डीला आपल्या विद्वत्तेचा मोह आवरत नाहीं. साध्या खेडुतांच्या बैठकींत तो अकारण पुराणांतले आणि चित्रकलेंतले दाखले आणून बसवितो. योगायोगांची त्याला हौस आहे, आणि फॅनीचें पत्र व बोल्डवुडची चिठ्ठी एकाच सकाळीं एकाच माणसाच्या हातून ओकपुढें यावीं, हा योगायोग थोडा सोयीचाच आहे. त्याहून मोठी उणीव अशी कीं, ट्रॉयच्या आगमनानंतर मेंढवाडा मागें पडतो. कथानकांत पुढेंहि विण्याचे हंगाम येऊन जातात. पण पहिल्या हंगामाच्या तपशिलानें हार्डी पुन्हां तेथें आपल्याला नेत नाहीं. ओक कारभारी होतो, आणि कादंबरीचा उत्तरार्ध खून, वेषांतर, मृत मानलेल्या माणसाचें परत येणें अशा भडक प्रसंगांनीं भरून जातो. जेम्सचा शेरा या उत्तरार्धापुरता बराचसा लागू पडतो, हें मान्य केलें पाहिजे. तो लागू पडतो याचें कारण मात्र आमच्या म्हणण्याला पोषकच आहे: माणसें मेंढवाड्यापासून जितकीं दूर जातात, तितकीं तीं खोटीं वाटूं लागतात.

हार्डीनंतर या जीवनावर आंतून लिहिणारेहि झाले. जेम्स रीबँक्स या इंग्लंडच्या सरोवर-प्रांतांतल्या मेंढपाळाचें ‘द शेफर्ड्स लाइफ’ हें पुस्तक २०१५ सालीं प्रसिद्ध झालें. तें ऋतूंच्या क्रमानें लिहिलेलें असून, विण्याचा हंगाम असलेल्या वसंतानेंच त्याचा शेवट केलेला आहे. त्या प्रांतावर कवींनीं आणि प्रवाशांनीं जें सौंदर्य पाहिलें त्यांत तेथें राबणारीं माणसें दिसत नाहींत, ही त्याची तक्रार आहे. मराठींत व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’नें १९५५ सालीं धनगरांचें जग आणलें; तेथें दुष्काळांत मेंढरें मरतात आणि वाडी ओस पडते. मेंढरांची दशा तीच माणसांची दशा, असा तो न्याय आहे. हार्डीचा न्याय याहून निराळा आहे. त्याच्याकडे मेंढरांवरून माणसाच्या नशिबाची नव्हे, तर वर्तनाची पारख होते.

म्हणूनच कादंबरीचा शेवट पुष्कळांना वाटतो तितका फिका नाहीं. ट्रॉय गेला, बोल्डवुड गेला, आणि बाथशिबेनें अखेर ओकशीं गाजावाजा न करतां लग्न केलें. ज्याला एकदां नाकारलें त्याच्यावर तिचें प्रेम एकाएकीं कसें बसलें, असा प्रश्न टीकाकार करतात. तें एकाएकीं बसलेलें नाहीं. चार ताट्यांच्या कोंडवाड्याचें तोंड उघडें धरून ती उभी होती तेव्हां, परकें कोकरूं आपलें व्हावयाला किती दिवस लागतात आणि तोंवर कोणाला थांबावें लागतें, हें तिच्या डोळ्यांसमोरच घडत होतें. तिला तें उमगावयास सारें पुस्तक लागलें. आपल्या वाचकांनीं ही कादंबरी पुन्हां हातीं घेतली, तर तलवारीच्या हातांचें प्रकरण वाचून होतांच घाईनें पुढें न जातां, दुसरें, पंधरावें आणि अठरावें हीं तीन प्रकरणें सावकाश वाचावींत अशी आमची शिफारस आहे.